शून्य आणि रिकामं: मॉनिटरिंग डॅशबोर्डच्या कामाच्या नोंदी

सोमवार, २ जून

सर्व्हरवर नजर ठेवायचा जुना डॅशबोर्ड आजपासून माझ्या गळ्यात. एकाच पानावर ६४ पॅनेल, म्हणजे आकड्यांच्या आणि ग्राफच्या चौकटी. भिंतीवरच्या टीव्हीवर सगळी एकदम मावावीत म्हणून पान इतकं बारीक केलंय की आकडा वाचायला खुर्चीवरून उठावं लागतं. रिफ्रेश दर ५ सेकंदांनी, म्हणजे एकटा टीव्हीच मिनिटाला ७६८ क्वेरी पाठवतो. प्रोमिथियस (आकडे गोळा करून साठवणारं सॉफ्टवेअर) मात्र सर्व्हरकडून आकडे ६० सेकंदांनी एकदाच उचलतो (वेळ कोणी ठरवूनच दिली नव्हती, म्हणून मूळची एक मिनिटाची सेटिंग चालू). बारा वेळा विचारायचं आणि अकरा वेळा तेच उत्तर ऐकायचं.

टीमलीडना विचारलं, "यातलं तुम्ही काय बघता?" म्हणाले, "लाल काही दिसतंय का, तेवढंच." रात्रपाळीचा सहकारी जास्त स्पष्ट बोलला: "मी वरच्या चार चौकटी बघतो. बाकीचं वॉलपेपर आहे गं."

आज सेटिंगला हात लावला नाही. फक्त जुने अलर्ट बंद केले; दिवसाला चाळीसेक मेल येत होते आणि ते न उघडताच पुसायची सगळ्यांना सवय लागली होती. कागदावर यादी केली: कोणतं पॅनेल बघून कोण काय करणार? उत्तर सापडलं अशी १९ निघाली. उरलेली ४५ टाकून देत नाही, दुसऱ्या पानावर हलवते. कोणाला आठवण आलीच तर तिथे सापडतील.

मंगळवार, ३ जून

आधी आकडे किती वेळाने उचलायचे ते. सगळ्यांचं म्हणणं "जितकं लवकर तितकं बरं", पण बिल कोणाला माहीत नाही. म्हणून हिशेब मांडला. आपल्याकडे ३० सर्व्हर आणि अॅप्लिकेशनचे आकडे धरून साधारण ५०,००० सिरीज (वेळेनुसार साठत जाणाऱ्या आकड्यांच्या रांगा) आहेत. प्रोमिथियस एका नोंदीला सरासरी एक ते दोन बाइट घेतो. मी दोन धरले.

१५ सेकंदांनी उचललं तर सेकंदाला ३,३३३ नोंदी, दिवसाला ५७६ एमबी, ९० दिवसांना जवळपास ५२ जीबी. ३० सेकंदांनी त्याच्या निम्मं, २६ जीबी. ६० सेकंदांनी १३ जीबी. डिस्कवर ४० जीबी मोकळे आहेत, म्हणजे निर्णय आपोआपच झाला: ३० सेकंद. डिस्क मोठी मागता आली असती, पण ३० ऐवजी १५ सेकंदांनी कळलं म्हणून कोणी वेगळं काही करणार होतं का? कोणालाच सांगता आलं नाही.

किती दिवस साठवायचं याची मूळ सेटिंग १५ दिवस आहे. "गेल्या महिन्याच्या शेवटी असंच झालं होतं का?" हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला उत्तर पुसलेलं असतं. ९० दिवस केले. आमच्याकडे ही किंमत प्रोमिथियस सुरू करतानाच्या आज्ञेतच दिलेली आहे, त्यामुळे नुसत्या रीलोडने भागत नाही, रिस्टार्ट लागतो. दुपारी जेवणाच्या वेळेत उरकला.

टीव्हीचा रिफ्रेश ३० सेकंदांवर आणला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

बुधवार, ४ जून

डेटाबेसचा एक्स्पोर्टर (त्याचे आकडे प्रोमिथियसला देणारा छोटा प्रोग्राम) कधीकधी उत्तर द्यायला १२-१४ सेकंद घेतो. प्रोमिथियस मुळात १० सेकंद थांबतो आणि सोडून देतो, म्हणून डेटाबेस दिवसातून दहा वेळा "मेलेला" दिसत होता. टाइमआउट ४५ सेकंद केला, रीलोड दिला, चहाला गेले. परत येऊन बघते तर तेच. पुन्हा रीलोड. तेच.

अर्धा दिवस गेल्यावर लॉग वाचला (तो आधी वाचायचा असतो). टाइमआउट उचलण्याच्या वेळेपेक्षा मोठा चालत नाही. ३० सेकंदांच्या फेरीत ४५ सेकंद थांबणार कसं? प्रोमिथियसने नवी फाइल सरळ नाकारली होती आणि जुनीच पुढे चालवत होता. यात त्याची चूक नाही, चुकीची फाइल घेऊन बंद पडण्यापेक्षा हे शहाणपणाचंच. पण बाहेरून काही कळत नाही. शेवटचा रीलोड यशस्वी झाला की नाही याचा आकडा तो स्वतः देतो, १ किंवा ०. तो आता विसावं पॅनेल. आणि फाइल बदलली की प्रॉमटूलने (प्रोमिथियसची फाइल तपासायचं साधन) तपासल्याशिवाय रीलोड द्यायचा नाही, हे भिंतीवर चिकटवलं.

डेटाबेसपुरती फेरी ६० सेकंदांची आणि टाइमआउट ३० सेकंदांचा केला. खोटे मृत्यू थांबले.

शुक्रवार, ६ जून

थांबले खरे, पण डेटाबेसवाल्यांचा सकाळी निरोप: "तुमच्या नव्या डॅशबोर्डवर आमच्या क्वेरींचा ग्राफ गायब आहे." उघडून पाहिलं तर ग्राफ छान दिसतोय. त्यांना म्हटलं, दिसतोय की. ते म्हणाले, नाही दिसत. पंधरा मिनिटं हेच चाललं. शेवटी त्यांच्या टेबलापाशी गेले, तेव्हा उलगडलं: मी ७ दिवसांचा ग्राफ बघत होते, ते १ तासाचा. ७ दिवसांवर रेघ अखंड, २४ तासांवर तुटक तुटक, १ तासावर कोरं पान. म्हणजे गडबड झाली की माणूस जवळून बघायला जातो, आणि जवळ गेलं की ग्राफच पळून जातो.

कारण असं. सेकंदाला किती क्वेरी येतात हे काढायला प्रोमिथियसचं रेट हे फंक्शन वापरतो. त्याला ठरलेल्या खिडकीत, म्हणजे मागच्या ठराविक काळात, किमान दोन नोंदी लागतात. एकाच बिंदूवरून वेग काढता येत नाही. खिडकी किती मोठी हे आम्ही ग्राफानावर (डॅशबोर्ड काढणारं सॉफ्टवेअर) सोपवलं होतं. त्याचा नियम: दोन बिंदूंमधलं अंतर अधिक उचलण्याची वेळ, किंवा उचलण्याच्या वेळेची चौपट, यातलं जे मोठं ते. नियम उत्तम आहे. पण "उचलण्याची वेळ" ग्राफाना प्रोमिथियसला विचारत नाही, ती डेटा सोर्सच्या सेटिंगमध्ये आपण लिहायची असते. लिहिली नाही तर १५ सेकंद धरतो.

१५ ची चौपट ६०. खिडकी ६० सेकंदांची आणि डेटाबेसच्या नोंदी ६० सेकंदांच्या अंतराने, म्हणजे खिडकीत एकच नोंद. उत्तर रिकामं. ७ दिवसांचा ग्राफ काढताना दोन बिंदूंमध्येच काही मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे खिडकी आपसूक मोठी होते आणि रेघ उमटते.

डेटा सोर्समध्ये ३० सेकंद लिहिले. डेटाबेसच्या पॅनेलमध्ये क्वेरीच्या पर्यायांतला मिन स्टेप १ मिनिट केला, म्हणजे तेवढ्यापुरती खिडकी चार मिनिटांची. आता १ तासावरही रेघ आहे.

एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायची आणि दोन्हींचं एकमेकांशी बोलणं नाही, असल्या सेटिंगची मला मनापासून चीड आहे. दोन्ही फाइलींत वर टिप्पणी टाकली: "इथे बदललं तर तिथेही बदल."

सोमवार, ९ जून

डिस्क. शनिवारी एका सर्व्हरवर अॅप्लिकेशन "जागा नाही" म्हणून रडत होतं आणि डॅशबोर्ड म्हणत होता २३ जीबी मोकळे. दोघंही खरंच बोलत होते. पॅनेलमध्ये "फ्री"चा आकडा लावलेला होता. एक्स्ट४ फाइल सिस्टीम मुळात ५ टक्के जागा रूट युजरसाठी (सिस्टीमच्या प्रशासकासाठी) राखून ठेवते. फ्रीमध्ये ती धरली जाते, "अव्हेलेबल"मध्ये नाही. साध्या प्रोसेसला ती जागा मिळत नाही. ५०० जीबीच्या डिस्कचे ५ टक्के म्हणजे २५ जीबी, आणि १०२४ च्या पटीत मोजले तर बरोबर हाच आकडा, २३. सगळीकडे अव्हेलेबल लावला.

एककही तपासलं. ग्राफानात बाइटची दोन एककं आहेत, एक हजाराच्या पटीत मोजणारं आणि एक १०२४ च्या. ५०० जीबीची डिस्क दुसऱ्यात ४६५ दिसते. कोणतंही घ्या, पण सगळ्या पॅनेलवर एकच घ्या. आमच्याकडे शेजारच्या दोन पॅनेलमध्ये वेगवेगळी होती. कमांड लाइनवरच्या आकड्याशी जुळावं म्हणून १०२४ चं ठेवलं.

मंगळवार, १० जून

टाइमझोन. सर्व्हरचे लॉग यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), डॅशबोर्ड बघणाऱ्याच्या ब्राउझरच्या वेळेत. रात्रपाळीवाला ग्राफवरचा उंचवटा लॉगमध्ये शोधत बसतो आणि सापडत नाही. पूर्ण डॅशबोर्ड यूटीसीवर नेला. दोन जणांनी नाक मुरडलं. होईल सवय.

गुरुवार, १२ जून

आज खरी फजिती झाली, आणि ती माझीच.

पहाटे दोनच्या सुमारास एक सर्व्हर नेटवर्कवरून गेला. रात्रपाळीवाला टीव्हीसमोरच होता. मुख्य पानावर त्या सर्व्हरची चौकट: सीपीयू २३ टक्के, हिरवा. दोन वाजता हिरवा, तीन वाजता हिरवा, सहा वाजताही हिरवा. ग्राहकाचा फोन आला तेव्हा कळलं. जुने अलर्ट मी २ तारखेला बंद केले होते आणि नवे अजून लावले नव्हते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याने मला फक्त एवढंच विचारलं, "मग ते २३ टक्के कुठून येत होते?"

येत नव्हते कुठूनच. मोठा आकडा दाखवणाऱ्या स्टॅट पॅनेलला निवडलेल्या काळातल्या नोंदींतून एकच किंमत काढायची असते. त्याची मूळ निवड आहे "शेवटची, रिकामी नसलेली". पानावर काळ होता ६ तासांचा. पॅनेल मागे मागे जात दोनच्या आधीच्या शेवटच्या नोंदीपर्यंत पोचत होतं आणि तीच दिमाखात दाखवत होतं. आठ वाजले असते तर ती नोंद सहा तासांच्या बाहेर गेली असती आणि मग कुठे चौकट रिकामी झाली असती.

प्रोमिथियसचा यात काही दोष नाही. आकडे उचलता आले नाहीत की तो त्या सिरीजवर "शिळं" अशी खूण करतो आणि पुढच्या फेरीपासून तिथे काहीच देत नाही. तो "माहिती नाही" असं स्पष्ट सांगत होता. त्याचं रिकामेपण पॅनेलने झाकलं.

दुरुस्ती: स्टॅट पॅनेलच्या सगळ्या क्वेरी इन्स्टंट केल्या, म्हणजे आत्ताची किंमत विचारायची, गेल्या सहा तासांची रांग नाही. आत्ता नसेल तर नाही. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात सर्व्हर उत्तर देतोय की नाही याचा १/० आकडाही जोडला.

आणि आज रात्री आठ वाजेपर्यंत बसून "सर्व्हर उत्तर देत नाही" हा एक तरी अलर्ट सुरू केला. बाकीचे सावकाश.

शुक्रवार, १३ जून

कालचा धडा उरलेल्या सगळ्या पॅनेलवर लावत बसले. प्रत्येकाला एकच प्रश्न: आकडा आला नाही तर तू काय दाखवतोस?

उत्तरं मासलेवाईक होती. तीन ग्राफ रिकाम्या जागी दोन टोकं जोडून सरळ रेघ ओढत होते, म्हणजे अर्धा तास सर्व्हर बंद असला तरी रेघ शांतपणे पुढे. दोन ग्राफ रिकाम्याला शून्य धरत होते; रहदारी शून्यावर गेली असं वाटून टीमलीड मागे एकदा उगाच धावलेले. सगळीकडे तुटू दिलं. तुटलेली रेघ वाईट दिसते, दिसू दे. स्टॅटमध्ये रिकाम्यासाठी "माहिती नाही" हे शब्द आणि करडा रंग. हिरवा तर नाहीच, लालही नाही. लाल म्हणजे मोजलं आणि वाईट निघालं.

एका पॅनेलने मात्र उलट कोडं घातलं. चुकांचं प्रमाण दाखवणारं पॅनेल नव्या सेवेसाठी "माहिती नाही" म्हणत होतं, आणि सेवा तर ठणठणीत. इथे रिकामं म्हणजे खरोखर शून्य होतं. ५०० क्रमांकाची (सर्व्हरच्या आतली) चूक एकदाही घडली नसेल तर त्या लेबलची सिरीज जन्मालाच येत नाही. भागाकाराला वरचा आकडा मिळत नाही आणि उत्तर रिकामं येतं. क्वेरीत "नसेल तर शून्य धर" असं जोडता येतं, आणि बऱ्याच जागी तसं करतात. मला ते पटलं नाही, कारण सेवा बंद पडली तरीही मग शून्य चुका दिसणार. शिवाय पहिली चूक झाली की सिरीज थेट १ पासून सुरू होते. ० वरून १ वर गेल्याचं रेटला दिसतच नाही, आणि पहिली चूक हरवते.

म्हणून डेव्हलपरना विनंती केली: सेवा सुरू होतानाच सगळे काउंटर ० ने जन्माला घाला. दोन ओळींचं काम. "एवढ्यासाठी रिलीज?" असा प्रश्न आला, पण केलं त्यांनी.

सोमवार, १६ जून

प्रतिसादाच्या वेळेचं ९९वं शतमान (शंभरातल्या ९९ विनंत्या ज्या वेळेच्या आत उरकतात ती) गेले चार दिवस दुपारी बरोबर १० सेकंदांवर टेकतंय. ९.८ नाही, १०.३ नाही. निसर्गात इतकी सपाट रेघ नसते.

हिस्टोग्राममध्ये प्रत्येक वेळ स्वतंत्र साठत नाही, खणांत मोजणी होते: इतक्या विनंत्या १ सेकंदाच्या आत, इतक्या अडीचच्या, इतक्या पाचच्या. आमच्या लायब्ररीचा मूळचा शेवटचा खण १० सेकंदांचा. त्यापुढचं सगळं "अनंत" खणात. शतमान त्या खणात पडलं की प्रोमिथियस त्याच्या आधीची मर्यादा देतो, म्हणजे १०. खरी वेळ ११ असेल किंवा ४०. वर १५, ३० आणि ६० चे खण वाढवायला सांगितले, खालचे ५ आणि १० मिलिसेकंदांचे काढायला. तिथे आमचं काहीच पडत नाही. खण वाढले की सिरीजही वाढतात, तेव्हा जुनं काढूनच नवं घालायचं.

(बदल संध्याकाळी चढला. दुसऱ्या दिवशी दुपारची खरी वेळ २२ सेकंद निघाली. त्याचं काय करायचं ते काम माझ्याकडे नाही, सुदैवाने.)

मंगळवार, १७ जून

अलर्ट. नियम एकच ठेवला: रात्री तीनला उठून काही करायचं नसेल, तर तो अलर्ट फोनवर जाणार नाही.

डिस्कसाठी "१० टक्के उरले" हा थ्रेशोल्ड निरुपयोगी आहे. ४ टीबीच्या डिस्कवर ते ४०० जीबी होतात, महिनाभर पुरतील. ५० जीबीच्या डिस्कवर ५ जीबी, संध्याकाळपर्यंतही नाहीत. गेल्या सहा तासांच्या चालीवरून पुढच्या २४ तासांत संपेल का, असं विचारणारं फंक्शन आहे, ते लावलं. सुरुवातीला एक तासाची चाल धरली होती, तर रात्रीचा बॅकअप सुरू होताच "डिस्क संपणार" म्हणून ओरडला. हे म्हणजे लांडगा आला रे आला. आता सहा तासांची चाल आणि शिवाय २० टक्क्यांपेक्षा कमी शिल्लक, दोन्ही असेल तरच.

टीमलीडनी विचारलं, "सर्व्हर गेला तर किती वेळात कळेल?" बेरीज केली: उचलण्याची फेरी ३० सेकंद, नियम तपासण्याची ३०, बिघाड टिकून राहण्याची अट ५ मिनिटं, अलर्टमॅनेजरचं (अलर्टचे निरोप पाठवणारा भाग) अलर्ट एकत्र करायला थांबणं ३० सेकंद. वाईटात वाईट साडेसहा मिनिटं. त्यांचा चेहरा बघून टिकण्याची अट २ मिनिटं केली. साडेतीन.

गुरुवार, १९ जून

मुद्दाम मोडून बघण्याचा दिवस. एक सर्व्हर बंद केला: तीन मिनिटं दहा सेकंदांत फोन. छान. मग एक सर्व्हर प्रोमिथियसच्या यादीतूनच काढला, नजरचुकीने निघतो तसा. काहीच नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं, शांतता.

बरोबरच आहे. अलर्ट विचारतो "कोणाचं उत्तर ० आहे?" यादीतच नसलेल्याचं उत्तर ० नसतं, काहीच नसतं. रिकाम्या उत्तरावर अलर्ट वाजत नाही. उपाय ओबडधोबड केला: उत्तर देणारे आणि न देणारे मिळून ३० भरतात का ते मोजायचं, कमी भरले तर कळवायचं. सर्व्हर वाढवला की हा ३० हाताने बदलावा लागेल. बदलायला विसरलं तर तेही या मोजणीत दिसावं म्हणून "३० पेक्षा कमी" ऐवजी "३० नाहीत" असं लिहिलं.

सोमवार, २३ जून

दिव्याखालचा अंधार उरला होता: प्रोमिथियसच बंद पडला तर सांगणार कोण? नेहमी वाजत राहणारा एक अलर्ट तयार केला, ज्याची अट कायम खरी असते. तो बाहेरच्या एका सेवेकडे जात राहतो. १५ मिनिटं आला नाही की ती सेवा फोन करते. पुन्हा पाठवण्याचा काळ मुळात ४ तास असतो, तो या एका अलर्टपुरता १ मिनिट केला, तरी निरोप पाचच मिनिटांनी जात होते. अलर्टमॅनेजरची गटाने निरोप पाठवायची फेरी ५ मिनिटांची आहे, त्याच्या मध्ये काही निघत नाही. चालेल.

सगळे पॅनेल आता फाइलींतून चढतात, पानावर बदलून सेव्ह करता येत नाही. यावर एक तक्रार आलीच. पान बदलून बघायला कोणाची ना नाही. कायमचं हवं असेल तर फाइल पाठवा.

मंगळवार, २४ जून

पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी रात्रपाळीचा निरोप: "सात नंबरची चौकट करडी झालीय. सीपीयू 'माहिती नाही'. बाकी हिरवं. कोपऱ्यातला आकडा १. काय समजू?"

सर्व्हर जिवंत, पण सीपीयूचे आकडे देणारा भाग बंद. कालच्या अपडेटमध्ये तो कलेक्टर बंद केला गेला होता. त्याला लिहिलं, झोपायला हरकत नाही, सकाळी बघते.

"मी रात्रपाळीवर आहे," त्याचं उत्तर आलं.